कपाटाच्या दारामागचा कागद

कुठल्याही घरातला रोजचा स्वयंपाक वीस-बावीस पदार्थांपलीकडे फारसा जात नाही. वरण-भात, पोळी, दोन-तीन तऱ्हेच्या आमट्या, मटकीची नाहीतर चवळीची उसळ, फळभाज्या-पालेभाज्या मिळून सात-आठ, कढी, खिचडी, पोहे, उपमा, उपवासाचा साबुदाणा, रविवारी मासे किंवा अंड्याचा रस्सा. एवढ्यावर वर्ष निघतं. पण या सगळ्याचं प्रमाण घरात एकाच हाताला ठाऊक असतं. तो हात गावाला गेला, किंवा स्वयंपाकाच्या ताईंचा सकाळी सातला "आज नाही जमणार" असा फोन आला, की शिकलीसवरलेली बाकीची मंडळी कुकरसमोर उभी राहून विचारतात, "पाणी किती घालायचं?"

या प्रश्नाचं उत्तर देणारा एक कागद घरात असावा. ए-फोर मापाचा, एकाच बाजूला लिहिलेला, ओट्यापासून दोन हातांवर लावलेला. पाककृतींची वही ही वेगळी गोष्ट. पुरणपोळी, मोदक, अनारसे, बिरडं हे वहीत राहू द्यावं. ते करायच्या दिवशी माणूस सवड काढून वही उघडतो. कागद आहे तो ७.५२ची लोकल पकडायची असते त्या सकाळसाठी. त्यावर "कांदा बारीक चिरून घ्यावा" असलं वाक्य आलं की समजावं, कागद भरकटला.

मग त्यावर लिहायचं काय? माझ्या मते त्याला एकच चाळणी लावावी. स्वयंपाकातल्या काही चुका शेवटी सावरता येतात. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, आमटी दाट झाली तर गरम पाणी ओतता येतं, आंबट वाटली तर गुळाचा खडा आहेच. काही चुका मात्र सुरुवातीलाच होऊन बसतात आणि मागे फिरता येत नाही. भाताचं पाणी, साबुदाण्याचं पाणी, कणकेचं पाणी, कडधान्य किती तास भिजलं, डाळ शिजायच्या आधी चिंच पडली की नंतर. कागदावर जागा या दुसऱ्या जातीच्या आकड्यांना. बाकीचं चाखून होतं, आणि चाखायला कागद लागत नाही. ही चाळणी लावली की एकेका पदार्थाच्या दीड पानाच्या कृतीतून एक ओळ उरते आणि बावीस पदार्थ एका पानावर बसतात.

पहिलं काम वाटीचं. "एक वाटी तांदूळ" म्हणजे नक्की किती, हे त्या घरातल्या त्या वाटीवर अवलंबून असतं, आणि घरात वाट्या तीन तरी जातींच्या असतात. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि पाणी काठोकाठ भरा. जितके ग्रॅम तितके मिली. स्टीलच्या नेहमीच्या वाट्या १३० ते १८० मिलीच्या निघतात. पाककृतींच्या पुस्तकातला कप धरला जातो २४० मिलीचा. पुस्तकातलं प्रमाण वाटीने घेतलं की पदार्थ का फसतो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं, विशेषतः अर्धं सामान वाटीने आणि अर्धं ग्रॅममध्ये घेतलं असेल तर. एक वाटी कायमची मापाची म्हणून ठरवायची आणि तांदळाच्या डब्यातच ठेवायची. भांड्यांवर नाव घालून देणारे असतात, त्यांच्याकडून तिच्यावर "माप" एवढी दोन अक्षरं घालून घ्यावीत. आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पुढचे सगळे आकडे १५० मिलीची वाटी धरून आहेत. अशा सपाट वाटीत तांदूळ साधारण सव्वाशे ग्रॅम बसतात, चाळलेली कणीक ऐंशीच्या आसपास आणि जाड पोहे जेमतेम पन्नास.

चमच्याचंही तसंच. घरातला खरा चमचा हा मिसळणाच्या डब्यातला. तो मापाच्या ५ मिलीच्या चमच्यापेक्षा लहान असतो, बहुधा दोन-अडीच मिलीचा. त्याने दहा वेळा पाणी काट्यावरच्या भांड्यात घालायचं आणि आलेल्या वजनाला दहाने भागायचं, म्हणजे त्याचं माप कळतं. कागदावर "चमचा" म्हणजे हाच, असं वरच्या कोपऱ्यात लिहून टाकावं. "चहाचा चमचा", "मोठा चमचा", "टेबलस्पून" अशी सरमिसळ झाली की हळद दुप्पट पडलीच म्हणून समजा.

आता प्रमाण काढायचं कसं? जिच्या हाताला ते ठाऊक आहे तिला विचारून उपयोग नसतो. आई म्हणते, "बसेल एवढं घालायचं", सासूबाई म्हणतात, "रंग बघून". त्यांचं काही चुकत नाही. त्यांचा हात बरोबरच असतो, फक्त तो आकड्यांत बोलत नाही. त्यांना मध्येच थांबवून "थांबा, मोजू द्या" म्हटलं की त्या बिचकतात आणि नेहमीपेक्षा वेगळंच घालतात. त्यापेक्षा स्वयंपाकाआधी डबे तोलून ठेवावेत. तांदळाचा, डाळीचा, कणकेचा, मिठाची बरणी, तेलाचं भांडं. स्वयंपाक झाला की पुन्हा तोलावेत. जो फरक पडला ते प्रमाण. असं तीन-चार वेळा केलं की सरासरी हाती येते, आणि करणाऱ्याच्या कामात खोळंबा होत नाही. पाणी मात्र असं मागून मोजता येत नाही. त्यासाठी भरलेली मापाची बाटली ओट्यावर ठेवून "पाणी यातूनच घ्या" एवढीच विनंती करावी. घरगुती काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवतो, त्यामुळे हिंग-हळदीसारख्या दोन-तीन ग्रॅमच्या गोष्टी त्यावर धरू नयेत. त्या चमच्यानेच मोजाव्यात.

भाताची ओळ लिहायला सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात लवकर खोटी ठरते. कारण तांदूळ. ठाण्यात पुष्कळ घरांत वाडा कोलम येतो; वाडा तालुका २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातलाच. जुना कोलम असेल तर कुकरमधल्या भांड्यात एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी लागतं, उघड्या पातेल्यात अडीच. तोच कोलम नव्या हंगामाचा, दिवाळीनंतर बाजारात आलेला असेल, तर पावणेदोन ते दोन वाट्या पुरतात. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो; वर्षभर मुरलेला जास्त पितो आणि मोकळा फुलतो. इंद्रायणी मुळातच चिकट, तिला मोकळी करायच्या नादाला लागू नये, पावणेदोन वाट्या घालून मऊच करावी. आंबेमोहोराला दोन. बासमती अर्धा तास भिजवलेला असेल तर दीड ते पावणेदोन.

म्हणून भाताच्या ओळीत तांदळाचं नाव आणि पोतं फोडल्याची तारीख लिहायची. वाशीच्या धान्य बाजारातून वर्षाचा तांदूळ भरणारी घरं अजून आहेत, महिन्याला पाच किलोची पिशवी आणणारी त्याहून जास्त. पोतं बदलो की पिशवी, पहिल्या दिवशी एकच वाटी भात नेहमीच्या पाण्यात लावून बघावा. शीत मधोमध टणक लागलं तर पाव वाटी वाढवायची; वरची शितं फुटून गिचका झाला तर पाव वाटी कमी करायची. नवा आकडा लगेच कागदावर पेन्सिलीने. एक ओळ अशी दिसते:

भात – कोलम, जुना (पिशवी १२ जून) – चौघांना २ वाट्या – पाणी ४॥ – धुऊन निथळून १० मिनिटं – पहिली शिट्टी, बारीक आचेवर ८ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची.

"४॥" ही साडेचार लिहायची वाणसामानाच्या जुन्या याद्यांतली रीत. तरुण मंडळींना ती वाचता येत नसेल तर सरळ "साडेचार" असं अक्षरी लिहावं. छापील ४½ मात्र टाळावा. त्यावर तेलाचा एक ठिपका पडला की मागे नुसते ४ उरतात, आणि भात कच्चा.

शिट्ट्यांच्या हिशेबाइतकी फसवी गोष्ट स्वयंपाकघरात दुसरी नाही. "तीन शिट्ट्या काढ" हे सांगणाऱ्याच्या शेगडीपुरतं खरं असतं. कुकरची शिट्टी म्हणजे आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याची खूण. तेव्हा आत साधारण १२० अंश सेल्सिअस असतं. तिथे पोचल्यावर आच कितीही मोठी ठेवली तरी आतली उष्णता वाढत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात आणि पाणी उडून जातं. मोठ्या बर्नरवर तीन शिट्ट्या तीन मिनिटांत होतात, लहान बर्नरवर दहा मिनिटं लागतात, आणि डाळ मात्र मिनिटांवरच शिजते. जुन्या घरातलं सिलिंडरचं बिऱ्हाड आवरून पाइपगॅसच्या इमारतीत गेलं की काही दिवस डाळीचं गणित चुकतं ते यामुळेच. तेव्हा कागदावर शिट्ट्या लिहूच नयेत. "पहिली शिट्टी, मग बारीक आचेवर इतकी मिनिटं" असं लिहावं. अर्धा तास भिजलेल्या तूरडाळीला आठ मिनिटं, न भिजवलेलीला बारा. रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यांना वीस. राजमाही तसाच वीस, पण त्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, आणि तो अर्धाकच्चा कधीही खायचा नाही. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्याशिवाय जात नाही.

डाळ शिजत नाही याची कारणं तीन, आणि तिन्ही कागदावर एका ओळीत मावतात. डाळ जुनी, पाणी जड, किंवा आंबट आधी पडलं. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतात. ते पाणी बोअरचं आणि क्षारांचं असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचे दाणे लवकर फुटत नाहीत. अशा दिवसांत डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्यावं. चिमूटभर सोड्यानेही काम होतं, पण चव उतरते. चिंच, कोकम, टोमॅटो हे डाळ पूर्ण घोटून झाल्यावरच. आंबटाने दाणा आवळला जातो आणि मग आणखी वीस मिनिटं ठेवूनही तो बोटाखाली कचकचतो.

वरणाला चौघांना एक वाटी डाळ, अडीच वाट्या पाणी, अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेलाने फेस खाली राहतो आणि कुकरचं झाकण पिवळं होत नाही. त्याच डाळीची आमटी करायची तर सुपारीएवढी चिंच, तेवढाच किंवा जरा जास्त गूळ, तीन चमचे गोडा मसाला, आणि एकूण आमटी लिटरभर होईल इतकं गरम पाणी. गार पाणी ओतलं तर डाळ खाली बसते आणि वर पाणी तरंगतं.

इथे एक युक्ती अशी, की फोडणी प्रत्येक पदार्थासमोर लिहायची नाही. मराठी स्वयंपाकातले निम्मे पदार्थ एकाच फोडणीवर उभे असतात. ती पानाच्या वरच्या बाजूला एकदाच लिहावी: चौघांना २० मिली तेल, एक चमचा मोहरी, ती पूर्ण तडतडली की अर्धा चमचा जिरं, मग पाव चमचा हिंग, शेवटी गॅस बारीक करून अर्धा चमचा हळद. हळद कडकडीत तेलात पडली की काळपट होते आणि भाजीला कडसर वास येतो. मोहरी तडतडायच्या आधी बाकीचं पडलं की ती दाताखाली कडू लागते. खालच्या ओळींत नुसतं "फो." आणि त्यात काय जास्त ते: "फो. + कढीपत्ता, लसूण ६" किंवा "फो., हळद नको". निम्मी जागा वाचते.

मिठासाठीही असाच एक वरचा नियम पुरतो. तयार पदार्थाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास मीठ बहुतेकांना बरोबर लागतं. म्हणजे लिटरभर आमटीला आठ ते दहा ग्रॅम. पाच मिलीच्या चमच्यात बारीक मीठ सपाट भरलं की सुमारे सहा ग्रॅम बसतं; खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, म्हणून बरणीतलं मीठ बदललं की हाताचा अंदाजही बदलतो. कागदावर नेहमी खालचा आकडा लिहावा. कमी मीठ सावरता येतं, जास्त झालेलं नाही. त्यात बटाटा टाकून मीठ शोषलं जातं या समजुतीवर फार विसंबू नये. बटाटा खारट पाणी पितो एवढंच, उरलेली आमटी होती तेवढीच खारट राहते.

तिखटाचा आकडा शाईने लिहूच नये. घरचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो आणि दरवर्षी मिरची वेगळी निघते. बेडगीने रंग येतो, लवंगी आणि संकेश्वरीने जाळ. यंदा बेडगी जास्त घातली असेल तर गेल्या वर्षीच्या दोन चमच्यांना यंदा तीन लागतील. आगरी मसाला, मालवणी, कांदा-लसूण, प्रत्येक बरणीवर एका वाक्याची चिठ्ठी लावावी: "अर्धा किलो भाजीला इतके चमचे". बरणी संपली की चिठ्ठीही संपली.

नाश्त्याच्या तीन पदार्थांना मात्र हात सैल सोडून जागा द्यावी, कारण घरात सर्वांत जास्त बिघडतात ते हेच. पोहे चौघांना सहा वाट्या. जाड पोहेच घ्यायचे, पातळ चिवड्याला. चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, हाताने एकदा हलवायचे, निथळत ठेवायचे, दहा मिनिटं. पातेल्यात पाणी घालून भिजत ठेवले की लगदा झालाच. दहा मिनिटांनी एक पोहा चिमटीत दाबून बघायचा. सहज चुरडला पाहिजे, पण बोटांना चिकटता कामा नये. मीठ आणि साखर कढईत न घालता या भिजल्या पोह्यांनाच हलक्या हाताने लावायची, म्हणजे सगळीकडे सारखी लागते. मीठ तीन चमचे, साखर तीन, शेंगदाणे अर्धी वाटी, कांदे मध्यम तीन. फोडणीला तेल दुप्पट लागतं, कारण कांदाही त्यातच मऊ व्हायचा असतो. मग पोहे घालून झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ. लिंबू गॅस बंद केल्यावर. कोरडे झाले तर पाण्याचा हबका मारून पुन्हा झाकायचे. ओले राहिले असतील तर कढईत टाकायच्या आधी परातीत पसरून पंख्याखाली.

उपम्याला दोन वाट्या रवा, पाच वाट्या पाणी. गुरगुट्या हवा असेल तर सहा. रवा आधी बारीक आचेवर सात-आठ मिनिटं भाजलेला हवा, वास येईपर्यंत, रंग फार न बदलता. पाणी खळखळत असताना एका हाताने रवा पेरायचा आणि दुसऱ्याने ढवळायचं. गुठळ्या होतात त्या रवा कच्चा असला किंवा पाणी उकळायचं थांबलं असलं तर. पावसाळ्यात ठाण्यात रव्याला महिन्याभरात जाळी धरते, म्हणून आणल्या आणल्या सगळाच भाजून, गार करून बरणीत भरावा आणि कागदावर "रवा भाजलेला आहे" असं लिहावं. नाहीतर घाईत कोणीतरी पुन्हा भाजून तांबूस करतं.

साबुदाण्याची चूक आदल्या रात्री होते आणि कळते सकाळी. दोन वाट्या साबुदाणा तीन पाण्यांनी धुवायचा, वरची पांढरी भुकटी जाईपर्यंत. निथळल्यावर एका वाटीला पाऊण वाटी या हिशेबाने दीड वाटी पाणी घालून झाकून ठेवायचा. अंगठ्याखाली दाणा पूर्ण सपाट झाला पाहिजे. मध्ये टणक कणी लागली तर दोन चमचे पाणी शिंपडून अर्धा तास आणखी. गिचका होण्याची कारणं दोनच, न धुणं आणि जास्त पाणी. कूट एक वाटी, तेही भरड. ते साबुदाण्याला आधीच चोळून ठेवलं की दाणे एकमेकांना धरत नाहीत. परतताना मिनिटाला एकदा हलवणं पुरे. दाणा पारदर्शक दिसला की लगेच उतरवायचा. या ओळीपुढे घरात उपवासाला काय चालतं तेही नोंदवावं: कोथिंबीर कोणाला चालते, जिरं कोणाला नाही. यावरून होणारे वाद प्रमाणावरून होणाऱ्या वादांपेक्षा जास्त असतात.

पोळीची ओळ लहान. चौघांना चार वाट्या कणीक, आधी सव्वा वाटी पाणी, पुढचं पाव वाटी हाताला लागेल तसं. दोन चमचे तेल, एक चमचा मीठ, अर्धा तास झाकून. चाळीस ग्रॅमच्या गोळ्यांच्या बारा-तेरा पोळ्या होतात. गिरणीतून लोकवन गहू दळून आणला की सीहोर, त्यावर पाण्यात थोडा फरक पडतो. तो हाताला कळतो, कागदावर लिहिण्याइतका मोठा नसतो. गिरणीतून आलेलं गरम पीठ मात्र लगेच डब्यात कोंबू नये, गार झाल्यावरच भरावं. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांच्या वर ठेवलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. अशा पिठात उकळतं पाणी घालून मळलं की बऱ्यापैकी सावरतं. तांदळाच्या भाकरीला उकड: एका वाटीला एक वाटी उकळतं पाणी, गॅस बंद करून झाकण, दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं.

इडलीच्या पिठाचं प्रमाण कायम तेच, तीन वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी उडीद आणि एक चमचा मेथी. बदलतात ते तास. मे महिन्यात इथे रात्रीही घाम येतो. पीठ सहा-सात तासांत वर येतं आणि आठव्या तासाला आंबून ओट्यावर उतरतं. जानेवारीत त्यालाच बारा तासही कमी पडतात. कागदावर दोन्ही आकडे लिहावेत आणि पुढे एक सूचना: भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. मटकीच्या मोडांचंही तसंच. उन्हाळ्यात फडक्यात बांधून बारा तास, थंडीत चोवीस. आणि इथल्या दमट हवेत गच्च बांधलेल्या फडक्याला वास येतो, म्हणून गाठ सैल.

कढीपुढे एकच गोष्ट लिहायची. एक वाटी आंबट दही, तीन वाट्या पाणी आणि १५ ग्रॅम बेसन आधी गार असतानाच घुसळून एकजीव करायचं, पहिली उकळी दिसेपर्यंत ढवळत राहायचं आणि खळखळू द्यायची नाही. बेसन न लावता उकळलेली कढी फुटते, आणि फुटलेली पुन्हा सांधत नाही.

माशांसाठी वेगळी चौकट, कारण तिचं वर्षच वेगळं असतं. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीला बंदी. त्या दोन महिन्यांत ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून नवी मुंबईतल्या दिवाळे गावापर्यंत घराघरांत सुकट आणि सुके बोंबील निघतात, पुढे कुणाकडे श्रावण लागतो. म्हणून चौकटीत ताज्याबरोबर सुक्याचीही ओळ हवी: सुकट चाळून, कोरडी भाजून, मग धुवायची, आणि मीठ शेवटी चाखूनच. बांगड्याच्या कालवणात रस्सा आधी उकळू द्यायचा, मग तुकड्या सोडायच्या, मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. पळी घालायची नाही, पातेलं कानाला धरून फिरवायचं. तिरफळं ठेचून चार-पाच. मिक्सरमध्ये वाटली तर बी कडवटपणा सोडते. तळायच्या सुरमईला मीठ, हळद आणि आगळ लावून पंधरा मिनिटं, मग तांदळाचं पीठ आणि रवा. एक बाजू चार मिनिटं होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. लवकर उलटली की कवच तव्यालाच राहतं.

पाहुणे आले की लोक सगळंच सरसकट दुप्पट करतात आणि तिथे फसतात. तांदूळ, डाळ, कणीक, मीठ दुप्पट होतं. कुकरमधलं पाणीही जवळजवळ दुप्पट. उघड्या पातेल्यातलं मात्र नाही, कारण वाफ भांड्याच्या तोंडातून जाते आणि तोंड तेवढंच असतं. तिथे पाणी पावणेदोनपट घालून सुरू करावं. फोडणीचं तेल दीडपट पुरतं. वेळही दुप्पट होत नाही, फक्त पहिली शिट्टी उशिरा येते. आठ जणांचा आकडा म्हणून भाताच्या आणि खिचडीच्या ओळीत वेगळा लिहून ठेवावा. खिचडीला चौघांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी.

कागदाबद्दल थोडं. घरच्या इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढावी. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान नको; मुक्त किंवा बलू यांसारखे मोफत देवनागरी टाइप लांबूनही नीट वाचता येतात. लॅमिनेशन करताना कडेला चार मिलिमीटर प्लास्टिक सुटं राहू द्यावं. कागदाच्या कडेलगत कापलं की पहिल्याच पावसाळ्यात दमट हवा आत शिरून कोपरे फुगतात. पेन्सिलीच्या नोंदी लॅमिनेशनवर उठत नाहीत, म्हणून भाताच्या आणि तिखटाच्या रकान्यांवर मॅट टेपची पट्टी चिकटवावी. शेगडीच्या वरची जागा वाफेची आणि तेलकट. मसाल्याच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू, डोळ्यांच्या उंचीवर, ही सगळ्यात बरी. दार उघडलं की कागद समोर, बंद केलं की भिंत मोकळी. फोटो घरच्या ग्रुपवर असावाच, पण तो बाजारात वाणसामान घेताना कामाचा. कणकेच्या हाताने फोनचं कुलूप उघडत नाही.

स्वयंपाकाला ताई येत असतील तर कागदाइतकाच उपयोग भांड्यांवरच्या खुणांचा होतो. भाताच्या नेहमीच्या डब्यावर, दोन वाट्या तांदूळ आणि साडेचार वाट्या पाणी एकत्र जिथवर येतं तिथे आतून खूण कोरून घ्यावी, नाव घालणाऱ्याकडूनच. वाचायची गरज उरत नाही, आणि "तुमचं पाणी चुकतं" असं तोंडाने म्हणायची वेळही येत नाही. मिठाबद्दल मात्र त्यांनाच विचारून आकडा लिहावा. पाच घरांत रांधणाऱ्या बाईला पाच घरांची मिठं माहीत असतात.

मुलगी पुण्याला शिकायला गेली किंवा मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला की हाच कागद मागितला जातो. तो जसाच्या तसा पाठवू नये. तिथली वाटी आधी पाण्याने मोजायला सांगावी. इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो, आपली वाटी दीडशेची. भाताला त्याने फरक पडत नाही, तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच कपाने घेतले तर. पण मीठ, गोडा मसाला आणि चिंच यांचे आकडे वीस टक्क्यांनी वाढतात. पुण्यात उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, बेंगळुरूला ९७च्या, त्यामुळे पातेल्यातल्या डाळीला तिथे थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. खोलीत इंडक्शनची शेगडी असेल तर "बारीक आच" म्हणजे किती वॅट, ते पहिल्या दिवशी कुकर लावून ठरवायचं: पहिल्या शिट्टीनंतर आच इतकी खाली आणायची, की दुसरी शिट्टी चार-पाच मिनिटांनीच यावी. तो आकडा मिळाला की "बारीक आच" खोडून तिथे तो लिहायचा.